हेडमास्तरांचा उजवा पाय

तो शेवटचा साधा शनिवार होता, आणि त्या दिवशी माझे वडील डाव्या पायाने लंगडत होते.

लीड्सहून येणाऱ्या दुपारच्या गाडीने मी ड्यूजबरीला उतरले, तेव्हा ते नेहमीसारखे स्टेशनच्या पायऱ्यांखाली उभे होते. बहात्तर वर्षांचा माणूस, मान खांद्यांत रुतलेली, टोपीखाली पैलवानाचे असतात तसे मोडलेले कान.

"सात मिनिटं उशीर," ते म्हणाले.

"गाडीला झाला. मला नाही."

"हेडमास्तरला कारणं सांगायची नाहीत. पिशवी दे इकडे."

आम्ही बाजारात गेलो. दर शनिवारी जायचो. आई गेल्यापासून कलेजी आणि कांदे हा त्यांचा शनिवारचा बेत होता आणि कलेजी ते स्वतः बोटाने दाबून बघत. कसायाच्या रांगेत उभे असताना खरेदीची ढकलगाडी घेतलेल्या एका बाईने त्यांना निरखून पाहिलं. साठीची असेल.

"काय रे हेडमास्तर, अजून मेला नाहीस?"

"तुझी हजेरी घेतल्याशिवाय कसा मरणार? नाव सांग."

"डोरीन. माझ्या आईने तुला छत्रीने झोडपलं होतं. बॅटली गावात."

"छत्री निळी होती का?"

"काळी."

"मग ती दुसरी. निळीवालीचा नेम चांगला होता."

रांगेतले सगळे हसले. डोरीनने आपल्या गाडीतून एक सफरचंद काढून त्यांच्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "पाय कसा आहे?"

"पावसाळी हवेत बोलतो जरा," वडील म्हणाले आणि निघताना चार पावलं लंगडत गेले.

हे ते नेहमी करत. एकतीस वर्षांपूर्वी टीव्हीवरच्या कुस्तीत, निम्म्या देशाच्या डोळ्यांसमोर, डेरेक ओल्डरॉइडने त्यांचा उजवा गुडघा पिरगाळून मोडला होता. तेव्हापासून कुणी ओळखलं की ते त्याच्यासाठी थोडं लंगडत. इतर नट सही देतात, तसं. फक्त त्या दिवशी ते डाव्या पायाने लंगडले. मला दिसलं. मी मनात म्हटलं, म्हातारे झाले, पाय विसरले. आणि मला त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की मी दुसरीकडे पाहिलं.

घरी पोचेपर्यंत लंगडणं थांबलं नाही. समोरच्या मिसेस हर्स्ट खिडकीत होत्या, त्यामुळे तेही मला रीतसर वाटलं. जेवण झाल्यावर ते खुर्चीत बसून डावी पोटरी दाबत राहिले.

"काय झालं?"

"काही नाही. डेरेकने पाय मुरगळला."

"डेरेकला बघून घेते मी."

"त्याला सांग, हेडमास्तरांनी पालकांना बोलावलंय."

इतकंच. त्यांच्या पायाबद्दल एवढंच बोलायची आमच्या घरची पद्धत होती. पाच वाजता ते मला सोडायला निघाले, पण स्टेशनपर्यंत न येता रस्त्याच्या वळणावरच थांबले आणि म्हणाले, "आज इथपर्यंतच, पोरी. टीव्हीवर फुटबॉलचे निकाल लागायचे आहेत." मी वळून पाहिलं तेव्हा ते दिव्याच्या खांबाला धरून उभे होते. मी हात केला, त्यांनीही टोपी उचलली.

रविवारी सकाळी मिसेस हर्स्टना ते दारात सापडले, हातात दुधाची बाटली, न फुटलेली. आयुष्यभर पडण्याची कला शिकलेला माणूस. पडतानासुद्धा बाटली सांभाळून पडले.

इस्पितळातला डॉक्टर तरुण होता, त्याने टीव्हीवरच्या त्या कुस्त्या पाहिल्या असण्याची शक्यता नव्हती. त्याने सांगितलं की डाव्या पोटरीत रक्ताची गुठळी झाली होती, ती सुटून फुप्फुसात गेली. मग कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "गेल्या काही दिवसांत लंगडत होते का?"

"हो," मी म्हणाले. "ते नेहमीच लंगडत."

*

माझ्या वडिलांचं नाव विल्फ स्टँक्लिफ. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि ते चिंध्यांपासून कापड करणाऱ्या गिरणीत लागले. तिथून जत्रेतल्या कुस्तीच्या तंबूत, तिथून नगरभवनांच्या रिंगमध्ये आणि तिथून दर शनिवारी चार वाजता टीव्हीवरून लोकांच्या बैठकीच्या खोल्यांत. रिंगमध्ये ते 'हेडमास्तर' होते. काळा झगा, चौकोनी टोपी, एका हातात छडी, दुसऱ्यात हजेरीपट. कुस्तीआधी ते दोरांजवळ उभे राहून प्रेक्षकांवर नजर फिरवत आणि म्हणत, "शेवटच्या ओळीतल्या बाई, तोंडातलं थुंका." आणि दीड हजार माणसं हुर्यो उडवत. ज्यांनी ज्यांनी शाळेत छडी खाल्ली होती, म्हणजे सगळ्यांनीच, ते त्या एका तासात आपला हिशेब चुकता करून घेत. वडील तो घेऊ देत.

लोकांना मुक्त मनाने आपला द्वेष करू देणं सोपं नसतं. क्लिदरोला एका म्हातारीने टोपीची पिन काढून त्यांच्या मांडीत खुपसली. घरी आईने आयोडीन लावताना तोंडाचा पट्टा सोडला तेव्हा ते म्हणाले, "अगं, तिचा नवरा वसंतात गेला. शेजारी बसलेली बाई सांगत होती. कुणाला तरी खुपसायचीच होती तिला." पुढच्या महिन्यात त्याच गावी ते पुन्हा गेले आणि मुद्दाम त्याच बाजूने रिंगमध्ये चढले.

माझ्या खऱ्या शाळेचे खरे हेडमास्तर पालकसभेत वडील आत आले की खुर्चीवरून उठून उभे राहत. वडील म्हणत, "बसा, बसा," आणि ते बसत.

मी नऊ वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. बुधवारी वडील लँकेशायरमध्ये कुठेतरी कुस्ती खेळून आले. टीव्हीवाले तिचं चित्रण करून गेले होते आणि ती शनिवारी दाखवणार होते. गुरुवारी सकाळी वडिलांनी अंगणातून कोळशाच्या दोन बादल्या एका दमात वर आणल्या. शुक्रवारी मला खांद्यावर बसवून शाळेत सोडलं. शनिवारी चार वाजता आम्ही तिघं टीव्हीपुढे बसलो. डेरेक ओल्डरॉइड, सोनेरी केसांचा, सगळ्या देशाचा लाडका, त्याने वडिलांचा उजवा पाय धरला, कमरेभोवती गुंडाळला आणि पिरगाळला. वडील ओरडले. टीव्हीतले. पंचांनी कुस्ती थांबवली, वडिलांना चौघांनी उचलून नेलं.

सोफ्यावरचे वडील उठले. "चहा टाकतो," म्हणाले आणि उजव्या पायाने लंगडत स्वयंपाकघरात गेले.

आई विणत होती. तिने मानही वर केली नाही. "जपून, विल्फ," ती म्हणाली.

मला त्या क्षणी सगळं कळलं. कळलं म्हणून वाईट वाटलं नाही, हे मला आजही सांगता येतं. आतल्या खोलीतलं काहीतरी मोठ्यांनी माझ्यासमोर उघडं टाकलं होतं आणि ते मी पाहिलंय हे त्यांना कळू द्यायचं नाही, एवढंच मनात आलं. ते सोंग घरातही उतरवायचं नसे. बायकोपुढे नाही, पोरीपुढे नाही. धंद्याचा तो कायदा होता आणि वडिलांनी तो मोडल्याचं मी कधी पाहिलं नाही.

रविवारी आम्ही वर्तमानपत्र आणायला निघालो. ते काठी घेऊन निघाले आणि लंगडत होते डाव्या पायाने. रात्रभर झोपेत पाय बदलला होता जणू. समोरून मिसेस हर्स्ट चर्चहून येत होत्या. त्यांनी शनिवारची एकही कुस्ती कधी चुकवली नव्हती. मी वडिलांच्या डाव्या बाजूला चालत होते. पटकन त्यांच्या मागून फिरून मी उजवीकडे गेले, त्यांचा उजवा हात माझ्या खांद्यावर घेतला आणि म्हणाले, "या बाजूने टेक, डॅड."

दोन पावलांत पाय बदलला.

"काय म्हणतोय गुडघा, मिस्टर स्टँक्लिफ?" मिसेस हर्स्टनी विचारलं.

"बोलतोय," वडील म्हणाले. "पण शाळेत बोलायची परवानगी नाही त्याला."

त्या पुढे गेल्यावर त्यांनी माझा खांदा किंचित दाबला. "आभारी आहे, पोरी." आम्ही दुकानात गेलो, त्यांनी मला लिकोरिसच्या काळ्या गोळ्या घेऊन दिल्या आणि त्या विषयावर आम्ही दोघं पुढे एकतीस वर्षं एक शब्द बोललो नाही.

शाळेत अ‍ॅव्हरिल पोगसन नावाची मुलगी म्हणायची, "तुझ्या बापाची कुस्ती नुरा असते. माझे पप्पा सांगतात. सगळं आधी ठरलेलं असतं." मी उत्तर देत नसे. उत्तर देणं म्हणजे एकतर वडिलांचं सोंग मोडणं किंवा खोटं बोलणं. मी पुस्तकं वाचायला लागले ती बहुधा याच कारणाने. मधल्या सुट्टीत वाचत बसणाऱ्या मुलीशी कुणी भांडायला येत नाही. पुढे विद्यापीठात, ग्रंथालयाच्या नोकरीत, कुणी विचारलं तर मी म्हणे, वडील गिरणीत होते. एवढ्याची मात्र मला लाज वाटते.

कारण खोटं काय होतं? त्यांचे कान खरे मोडलेले होते. हिवाळ्यात त्यांना कपाचा कान धरता येत नसे, बोटं इतक्या वेळा निखळली होती. आणि एक गोष्ट मी टीव्हीला नाक लावून पाहिली होती. समोरच्याला उचलून आपटताना, अगदी शेवटच्या क्षणी, त्याच्या मानेखाली वडिलांचा पंजा जाई. उघडा, उशीसारखा. दुसऱ्या हाताने ते रिंगच्या फळीवर थाप मारत, म्हणजे आवाज व्हावा. तो पंजा कॅमेऱ्याला दिसू द्यायचा नाही, ही सगळी कारागिरी. त्यांच्याइतक्या काळजीने मारणारा माणूस मी पाहिला नाही.

आणखी एक माणूस ते जाणून होता. महिन्यातून एका रविवारी आमच्या मागच्या बोळातून एक गृहस्थ येत. टोपी, जाड काचांचा चष्मा. ते नॉर्मन अंकल, फरशीवर घालायचं लिनोलियम विकतात, असं मला सांगितलेलं होतं. आईने केलेली रूबार्बची आंबटगोड पेस्ट्री ते दोनदा मागून घेत. वडील आणि ते तासन्‌तास पत्ते खेळत, हसत. आठवड्यात ते एकाच गाडीतून फिरत, हेही मला पुढे कळलं. फक्त प्रत्येक गावाच्या अर्धा मैल अलीकडे त्यांच्यातला एक उतरून चालत जाई, कारण हेडमास्तर आणि त्यांचा वैरी एका गाडीतून उतरताना कुणी पाहता कामा नये. नॉर्मन अंकलच्या टोपीखालून सोनेरी केस दिसत. मी दहा वर्षांची असताना त्यांना लिनोलियमचे भाव विचारले होते. त्यांनी घाम पुसत काहीतरी सांगितलं. वडील पत्त्यांआडून माझ्याकडे बघत होते.

*

दफनाचा नव्हे, दहनाचा दिवस होता बुधवार. डेरेकनी मोरकॅमहून फोन केला होता. "मी येतो. पण मागच्या ओळीत उभा राहीन. कुणाला दिसणार नाही."

मी टॅक्सी घेऊन त्यांना आणायला स्टेशनवर गेले. केस आता पांढरे होते. चष्मा खरा झाला होता.

"नॉर्मन अंकल," मी म्हणाले.

त्यांनी टॅक्सीत बसून दार ओढून घेतलं. "लिनोलियमचा भाव तू मला मुद्दाम विचारलास का गं तेव्हा?"

"हो."

"विल्फ म्हणायचा. पोरीला कळतंय, म्हणायचा. मी म्हटलं, मग बोल तिच्याशी. तर म्हणाला, ती इतकं छान सांभाळते, तिचं काम कशाला बिघडवू."

मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

"चोवीस वर्षं या माणसाने मला आपटलं," डेरेक म्हणाले. "ही मान बघ." त्यांनी ती दोन्हीकडे वळवून दाखवली. "शाबूत." मग चिप्सच्या दुकानाशी त्यांनी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. "इथून मी चालत येतो."

"अंकल, आज तरी."

"आज तर नक्कीच," ते म्हणाले आणि उतरले.

त्याआधी सकाळी घरी मिसेस हर्स्ट हॅमचे सँडविच घेऊन आल्या होत्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या. ताट ओट्यावर ठेवून त्या तिथेच उभ्या राहिल्या. कोट काढेनात, जाईनात.

"ग्लेनिस, मला एक सांगायचंय तुला," त्या म्हणाल्या. "त्या वर्षी, गुडघा मोडला होता तेव्हा, कुस्तीच्या दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी मी त्याला कोळसा वाहताना पाहिलं होतं. माझ्या खिडकीतून सगळं दिसतं."

"मग तुम्हाला माहीत होतं?"

"अख्ख्या गल्लीला माहीत होतं. कसाई त्याला रांगेत पुढे घ्यायचा, मी दार धरून उभी राहायची. तो एवढा जीव ओतून लंगडतोय, आणि आपण बघायचं नाही? बरं दिसतं का ते?" मग म्हणाल्या, "शनिवारी मी त्याला पाहिलं. तुझ्याबरोबर येताना. डावा होता गं. मी म्हटलं, म्हातारा चुकला. आणि पडदा ओढून घेतला, म्हणजे त्याला ओशाळं व्हायला नको."

मी त्यांना खुर्चीत बसवलं. आम्ही दोघी चांगल्या रीतीभातीच्या बायका. त्या सौजन्यापायी आम्ही दोघींनी एकाच दिवशी नजर फिरवली होती.

प्रार्थनागृह गच्च भरलं होतं. कुठकुठल्या गावांहून बसने आलेले लोक, टोप्या घातलेल्या म्हाताऱ्या, दोन-तीन मोडक्या कानांचे पैलवान. डोरीनही होती, छत्री घेऊन. शवपेटीवर मी हजेरीपट आणि चौकोनी टोपी ठेवली होती. पेटी आत आली तेव्हा सगळे उभे राहिले. शांतता पसरली. इतकी नीट, इतकी आज्ञाधारक शांतता की वडिलांना ती अजिबात आवडली नसती.

मग मिसेस हर्स्टनी तोंडाशी हात नेले आणि बारीक, फाटक्या आवाजात हुर्यो केली.

पाद्र्याने दचकून पाहिलं. दुसऱ्या ओळीतून कुणीतरी साथ दिली. मग पैलवानांनी. मग सगळ्यांनी, मागून पुढे लाट यावी तशी, पाय आपटत, छत्र्या आपटत, डोळे पुसत. "बाहेर काढा त्याला," कुणीतरी ओरडलं आणि लोक रडत रडत हसले. त्यांचा हेडमास्तर शेवटच्या वेळी मधल्या वाटेने चालला होता आणि त्यांनी त्याला त्याचं द्यायचं ते दिलं. मी वळून पाहिलं. अगदी मागे, भिंतीला टेकून डेरेक उभे होते. तेवढे एकटे गप्प. रिंगमध्ये चांगल्या माणसाचं काम करणाऱ्याने हुर्यो करायची नसते.

मला बोलायचं होतं. चार पानं लिहून आणली होती. वाचताना लक्षात आलं, त्यात मी त्यांच्या वाचनाबद्दल, बागेबद्दल, आईच्या आजारपणात त्यांनी केलेल्या सेवेबद्दल लिहिलं होतं, आणि पायाचा उल्लेख कुठेच नव्हता. तिथे तो करताही आला नसता. समोर बसलेल्यांनी एकतीस वर्षं सांभाळलेली गोष्ट मी व्यासपीठावरून कशी मोडणार? मी शेवटी एवढंच म्हणाले की त्यांनी आयुष्यात कुणालाही दुखवलं नाही. पैलवानांनी माना डोलावल्या. त्यांना त्याचा अर्थ कळला.

लोक चहासाठी बाहेर पडले. पेटीपुढचा पडदा ओढून ती दहनाला न्यायला अजून थोडा वेळ होता. मी पाद्र्यांना म्हटलं, मला पाच मिनिटं हवीत. डेरेक दाराशी आले, आत न येता आमच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि कुणी आत डोकावलं तर म्हणत होते, "जरा थांबा. वर्ग चालू आहे."

मी पेटीच्या डाव्या बाजूला उभी होते. तिथून निघून फिरून उजवीकडे गेले. लाकडावर हात ठेवला.

"डॅड," मी म्हणाले. रिकाम्या जागेत आवाज मोठा निघाला. "मला नऊ वर्षांची असल्यापासून माहीत होतं. तुला ते माहीत होतं हे आज कळलं. मला ते कधी खोटं वाटलं नाही, म्हणून मी बोलले नाही. शनिवारी तू चुकीच्या पायाने लंगडत होतास. मी पाहिलं. मला वाटलं, तू विसरलास."

दाराशी डेरेकनी पाय बदलल्याचा आवाज आला. ते आत वळले नाहीत.

"खरंच दुखतंय का, डॅड?"